अंगाला नीट बसणारे टी-शर्ट : जून ते जानेवारी, कामाच्या नोंदी

७ जून २०२५

कपाटातले सगळे टी-शर्ट पलंगावर काढले आणि रोज घालतो ते एका बाजूला, पडून राहिलेले दुसऱ्या बाजूला लावले. पडून राहिलेल्यांतले फाटलेले फारच थोडे. एकाचा गळा सैल पडून लाटा आल्यात, एकाची बाजूची शिलाई पिळत पोटावर आली आहे, दोन उंचीला आटून पट्ट्याच्या वर थांबतात आणि रुंदीला मात्र ढगळ झालेत. म्हणजे कापड झिजण्याच्या आधीच आकार गेला. पैसे तिथे वाया जातात.

माझी उंची पाच फूट पाच इंच, छाती ९८ सेंटीमीटर, खांदे रुंद. तयार कपड्यात 'एम' छातीला तंग होतो आणि 'एल' मांडीपर्यंत येतो. अशा बांध्याचे लोक आपल्याकडे भरपूर आहेत, म्हणून या नोंदी सगळ्या आकड्यांसकट ठेवतो आहे.

काम असं ठरवलं: रोजच्या वापराचे अर्धबाह्यांचे टी-शर्ट, दोन कॉलरचे, दोन सुती पँट. एकूण बारा हजारांत.

आज एवढंच केलं की सगळ्यात चांगला बसणारा जुना टी-शर्ट सपाट पसरून मोजला. अंगाचं माप घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी, कारण ढिलाई किती हवी हे त्यात आलेलंच असतं. काखेखाली एक इंच सोडून छाती आडवी ५३, खांदा शिलाईपासून शिलाईपर्यंत ४४, गळ्याच्या वरच्या टोकापासून उंची ६७, बाही २०, खालचा घेर आडवा ५१. छाती दुप्पट केली की १०६, म्हणजे अंगापेक्षा आठ सेंटीमीटर जास्त. मोजताना कापड ओढायचं नाही, हाताने फक्त सुरकुत्या काढायच्या. हे पाच आकडे फोनमध्ये ठेवले आणि टेप खिशात.

१४ जून

पुण्यातला लक्ष्मी रोड आणि दोन मॉल. प्रत्येक ठिकाणी कपडा काउंटरवर पसरून मोजला. काही विक्रेत्यांनी विचित्र नजरेने पाहिलं, अडवलं कोणी नाही. 'एल' असं लिहिलेल्या टी-शर्टची आडवी छाती एका ठिकाणी ५२ तर दुसरीकडे ५७ निघाली. अक्षरावर विसंबून ऑनलाइन मागवण्यात अर्थ नाही. मापांचा तक्ता दिला असेल तरी तो अंगाचा आहे की कपड्याचा हे आधी विचारून घ्या.

मग कपडा उलटा करून बघायची सवय लावली. खांद्याच्या शिलाईवर आतून पट्टी आहे का? ती नसेल तर खांदा लोंबत जातो. गळ्याची रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, बोटांनी ताणून सोडली की लगेच मूळ जागी येते का? ओव्हरलॉकचे, म्हणजे आतल्या कडा गुंफणाऱ्या शिलाईचे, दोरे दाट आहेत की मध्ये फटी दिसतात? खालची दुमड आडवी ताणली तर टाके कुरकुरतात का? शेवटी कापड उजेडासमोर धरायचं: सूत एकसारखं असेल तर जाळी एकसारखी दिसते, आणि कंगवा न फिरवलेल्या सुताचं कापड असेल तर जाड-बारीक ढग दिसतात.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. आता तो आकडा बरेच जण लेबलवर छापतात. दुकानात तो तपासता येत नाही, घरी येतो.

१५ जून

चार टी-शर्ट चाचणीसाठी घेतले: २९९, ५९९, ९९९ आणि १,७९९ रुपयांचे. एकूण ३,६९६. हा खर्च डोळ्यांवर येतो, पण पुढचं सगळं याच्यावर ठरलं.

प्रत्येकावर लाल दोऱ्याने खुणेचे टाके घातले. पेनाची खूण धुण्यात जाते. मग मशिनमध्ये ४० अंशांवर तीन धुणी, प्रत्येक वेळी सावलीत आडवं टाकून वाळवण. पावसाने वेग घेतल्यामुळे एकेक वाळवण दोन दिवस चालली.

२५ जून

निकाल. २९९ चा उंचीला ७१ वरून ६६ वर आला, म्हणजे सात टक्के आटला, आणि रुंदीला उलट एक सेंटीमीटर वाढला. बाजूची शिलाई खाली सहा सेंटीमीटर पुढे सरकली. ५९९ चा ७० वरून ६७, शिलाई दोन सेंटीमीटर सरकली, गळा तिसऱ्या धुण्यातच सैल. ९९९ चा ७२ वरून ६९, पीळ नाही, शिलाई उत्तम. १,७९९ चा ७४ वरून ७३, काहीच बिघडलं नाही. पण तो मुळातच खांदे उतरते ठेवून बेतलेला आणि कापड एवढं जाड की पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत घालता येणार नाही.

उंची आटते आणि रुंदी वाढते याचं कारण साधं आहे. कारखान्यात ओलं कापड लांबीच्या दिशेने ओढलं जातं, त्यामुळे विणीतले फासे उभे ताणले जातात. पाणी लागलं की ते आपल्या मूळ गोल आकाराकडे परततात. शिवण्याआधी 'कॉम्पॅक्टिंग' नावाच्या प्रक्रियेत कापड लांबीत दाबून घेतलं तर हा धक्का ग्राहकाच्या घरी बसत नाही. स्वस्त मालात वाचवलेला पैसा बहुतेक इथलाच असतो, कारण दुकानात तो दिसत नाही. उलट ताणलेलं कापड जास्त मीटर भरतं.

पिळाचंही तसंच. एकेरी सुताला कातताना पीळ दिलेला असतो आणि साध्या विणीत तो सुटू पाहतो. सूत जास्त पिळाचं आणि वीण सैल असली की अख्खा शर्ट तिरका होतो.

२९९ चा तसाही गेलाच होता, म्हणून त्यातून दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा कापून सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलला. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, तो एका ग्रॅमच्या खाली मोजत नाही. वजन १.४२ ग्रॅम, म्हणजे १४२ जीएसएम. लेबलवर १८० छापलं होतं.

९९९ चा मला ठेवावासा वाटला, पण धुतल्यावरही तो दोन सेंटीमीटर लांब आणि खांद्याला अरुंद. कापड, शिलाई आणि माप ही तिन्ही एका ठिकाणी मिळत नाहीत, निदान माझ्या बांध्याला तरी. आता कापड आणून शिवून घ्यायचं ठरलं.

२ जुलै

रविवार पेठेत आणि आसपास होजिअरी कापडाची, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाची, चौकशी. शर्टाचं, पँटचं, अस्तराचं कापड हवं तेवढं आहे. सुती होजिअरी कापड जे मिळालं त्यात पॉलिस्टर मिसळलेलं होतं किंवा जीएसएम कोणालाच सांगता येत नव्हता. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "साहेब, हा माल तिरुप्पूरहून येतो. तुम्हाला रंग, वजन सगळं पाहून घ्यायचं तर तिकडेच जा."

मावशी आयुष्यभर स्वेटर विणत आली आहे. तिला भिंगातून टी-शर्टचं कापड दाखवलं. "पुढून सगळे सुलट, मागून सगळे उलट. आणि ही गळ्याची पट्टी एक सुलट एक उलट, म्हणून तर ती ताणते." सिंगल जर्सी (अंगाचं साधं कापड) आणि रिब यांतला फरक मला याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितला नव्हता. ज्यांच्या घरी विणकाम येणारं कोणी आहे त्यांनी कापड घेण्याआधी त्यांच्यासोबत पाच मिनिटं बसावं.

१६ ते १९ जुलै, तिरुप्पूर

कुर्ल्याहून सुटणारी कोइम्बतूर एक्सप्रेस पुण्यावरून सोलापूर, बंगळुरू, सेलम, इरोड करत तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला पोचते. स्लीपरचं जाणं-येणं आणि साधी लॉज मिळून ३,१०० रुपये.

देशातून निर्यात होणाऱ्या सुती होजिअरी कपड्यांपैकी मोठा वाटा या एका शहराचा. स्टेशनजवळच्या खादरपेटमध्ये निर्यातीतून उरलेला तयार माल मिळतो. तिथे टी-शर्ट स्वस्त आहेत, पण ऑर्डर रद्द का झाली हे तुम्हाला कोणी सांगत नाही. बाही आणि अंग वेगवेगळ्या रंगछटांचे असलेले मी तिथे पाहिले. घ्यायचं असेल तर दिवसाउजेडी दुकानाबाहेर आणून बघा.

मला कापड हवं होतं आणि ते इथे किलोवर विकलं जातं. मोठे व्यापारी अख्ख्या रोलखाली बोलत नाहीत. रोल वीस-पंचवीस किलोचा असतो. उरलेले तुकडे विकणारी छोटी दुकानं शोधावी लागली, त्यात पहिला सगळा दिवस गेला. भाषेची अडचण थोडी, कारण कामाचे शब्द सगळीकडे तेच: कोम्ब्ड (कंगवा फिरवलेलं सूत), कॉम्पॅक्टिंग, बायो-वॉश (एन्झाइमची धुलाई), लायक्रा रिब (ताणणारा धागा घातलेली).

किलोचा हिशोब मीटरमध्ये असा करायचा. १८० जीएसएमचं आणि उघडं १८० सेंटीमीटर रुंद कापड असेल तर एका मीटरचं वजन १.८ गुणिले १८०, म्हणजे ३२४ ग्रॅम. एका किलोत तीन मीटरपेक्षा जरा जास्त. माझ्या मापाला कतरण धरून टी-शर्टला २५० ग्रॅम लागतात, म्हणजे किलोत चार.

विकत घेण्याआधी काय केलं ते लिहितो. ओल्या पांढऱ्या रुमालाने निळं कापड जोरात घासलं. एका दुकानात रुमाल निळा झाला, ते कापड सोडलं. मग कापडाची कड हातात धरून विणीची उभी रेघ आडव्या रेघेला काटकोनात आहे का पाहिलं. आणि रिब त्याच रंगाईच्या खेपेतली आहे का हे विचारलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. रिब आणि अंगाचं कापड वेगळ्या खेपेत रंगवलेलं असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते सारखं दिसतं आणि उन्हात गळा वेगळा ओळखू येतो. राखाडी मेलांजमध्ये (मिश्र छटेच्या कापडात) तर सुताआधी कापूसच रंगवलेला असतो, त्यामुळे त्याची रिब त्याच सुताची असली तरच जुळते.

एका रंगाई युनिटमध्ये बाहेरून डोकावता आलं. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून इथली रंगाई-धुलाईची युनिटं बंद करायला लावली होती. आता सांडपाणी नदीत न सोडता शुद्ध करून परत वापरावं लागतं, आणि तो खर्च कापडाच्या दरात असतो. किलोमागे पन्नास-साठ रुपये जास्त मागितले तेव्हा मी घासाघीस केली नाही. नदीची अवस्था पुलावरून पाहिली होती.

खरेदी: कोम्ब्ड सिंगल जर्सी ३ किलो (पांढरं, गडद निळं, राखाडी मेलांज) ५२० च्या दराने १,५६०. कॉलरच्या टी-शर्टसाठी पिके (दाणेदार विणीचं कापड) १ किलो ५६०. लायक्रा रिब पाऊण किलो ६०० च्या दराने ४५०. एकूण २,५७०.

२४ जुलै

घडी केलेलं कापड उघडून खोलीत सैल पसरून ठेवलं, वरून काही वजन नाही. ताणून गुंडाळलेलं कापड एक रात्र तरी असं मोकळं ठेवावं लागतं. मग प्रत्येक रंग वेगळा धुतला. निळ्याने पहिल्या पाण्यात रंग सोडला, दुसऱ्यात अगदी थोडा, तिसरं पाणी स्वच्छ.

धुण्याआधी उभी आणि आडवी एकेक मीटरची खूण केली होती. उभी १०० ची ९५.५ झाली, आडवी ९८. पिके जास्त आटलं, उभं ९३. हे सगळं कापण्याआधी होऊन गेलं याचा मोठा आधार वाटला. तुम्ही शिवून घेणार असाल तर या पायरीला फाटा देऊ नका, घाई असली तरीही.

२९ जुलै

पेठेतल्या माझ्या नेहमीच्या शिंपीकाकांकडे गेलो. शर्ट-पँटमध्ये त्यांचा हात फार चांगला. कापड हातात घेऊन म्हणाले, "हे माझ्या मशिनचं काम नाही." मग एका कतरणीवर साधी टीप मारून माझ्या हातात दिली. "ओढा." ओढली, आणि दोरा कट्‌कन तुटला. कापड ताणतं, साधी टीप ताणत नाही. डोक्यातून घालताना गळा पहिल्याच दिवशी उसवला असता.

"ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक दोन्ही पाहिजेत. क्रिकेट टीमचे कपडे शिवणारे असतात ना, त्यांना धरा," असं त्यांनीच सुचवलं. फ्लॅटलॉक म्हणजे दुमडीवर ताणणारी टीप घालणारं मशिन. हा सल्ला सोन्यासारखा निघाला. शहरात टी-शर्ट शिवणारं कोणी नाही असं वाटतं, पण खेळाचे गणवेश शिवणारी लहान युनिटं प्रत्येक उपनगरात आहेत आणि दोन्ही मशिनं त्यांच्याकडे असतात.

४ ऑगस्ट

धनकवडीच्या बाजूला असं एक युनिट सापडलं. सहा-सात मशिनं, काम बघणाऱ्या एक ताई. आत पाऊल ठेवायला जागा नाही, सगळीकडे गणपती मंडळांच्या टी-शर्टचे गठ्ठे. "दादा, अनंत चतुर्दशीपर्यंत नाव काढू नका. नंतर या, मग निवांत करू." यंदा अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. म्हणजे महिना गेला. पुण्यात हे काम करायचं असेल तर जूनच्या आत किंवा सप्टेंबरच्या मध्यानंतरच हात घाला. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी नमुना शिवणार नाही आणि शिवलाच तर घाईत शिवेल.

मधल्या काळात पँटचं काम काढलं. सुती ट्विल, २५० जीएसएमच्या आसपास, ४२० रुपये मीटर, दोन पँटला मिळून २.६ मीटर, १,०९२ रुपये. रात्रभर भिजवून, न पिळता वाळवून शिंपीकाकांना दिलं. पँटमध्ये लोक कंबर आणि उंचीवर अडतात. खरा घोळ आसनात, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतच्या खोलीत, असतो. तयार पँटचं आसन हल्ली आखूड ठेवतात, त्यामुळे खाली बसलं की पाठ उघडी पडते आणि मग माणूस कंबर घट्ट हवी म्हणतो. काकांनी आसन दीड सेंटीमीटर वाढवलं, मोहरी, म्हणजे पायाची खालची रुंदी, १८ ठेवली, आणि मागच्या शिलाईत दोन सेंटीमीटरची माया सोडली म्हणजे पुढे वजन बदललं तर उसवून सैल करता येईल. ट्रायलला एकदाच गेलो, दोन्ही बसल्या. शिलाई ६५० प्रमाणे १,३००. याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, होजिअरी नसलेल्या कापडात पेठेतला चांगला शिंपी आजही पुरेसा आहे.

१५ सप्टेंबर

ताईंनी खाकी कागदावर पॅटर्न काढला. त्याचे ५०० रुपये, पण तो कागद आता माझा. माप जुन्या टी-शर्टचं, कापड आधीच आटवलेलं, म्हणून आटण्यासाठी फक्त एक टक्का जास्त धरला. पहिला नमुना पांढऱ्यात, ३०० रुपये.

नमुन्यात चार गोष्टी चुकीच्या आल्या.

गळा. गळ्याचा घेर ५४ सेंटीमीटर आणि रिब ४९ कापली होती. घातल्यावर रिब अंगाला न टेकता उभी राहिली आणि मानेमागे फट पडली.

मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग. हात वर केले की शर्टाची खालची कड सात सेंटीमीटर वर जायची. गणवेशाच्या सवयीने मुंढा खोल ठेवला होता. अनेकांना वाटतं की खोल मुंढा म्हणजे मोकळेपणा. उलट आहे. मुंढा काखेपासून दूर असला की हात उचलताना अख्खं अंग बरोबर उचललं जातं.

सुई. खालच्या दुमडीच्या टाक्यांशेजारी बारीक भोकं. ताईंनी सुई काढून पाहिली, टोक झिजलेलं होतं आणि नंबरही जाड, १४. होजिअरी कापडाला ११ नंबरची बॉल पॉइंट सुई लागते. तिचं गोल टोक सूत कापत नाही, दोन फाशांमधून वाट काढतं. ही भोकं शिवल्याबरोबर तिळाएवढी असतात, धुण्यात मोठी होतात, आणि आपण दोष कापडाला देतो.

दुमड. ताणल्यावर टाके तुटले. फ्लॅटलॉकच्या खालच्या दोऱ्याचा ताण फार होता.

२३ सप्टेंबर

दुसरा नमुना. मुंढा दीड सेंटीमीटर वर घेतला आणि बाही थोडी अरुंद केली. आता हात वर केले तर कड तीनच सेंटीमीटर उचलते. रिब ४३ केली, म्हणजे घेराच्या ऐंशी टक्के. गळा सपाट बसला, पण शिलाईत बारीक चुण्या दिसतात. शेवटी ४४ वर थांबलो. चांगल्या लायक्रा रिबला घेराच्या ऐंशी ते ब्याऐंशी टक्के योग्य वाटतात. मात्र ताणल्यावर गळा डोक्यापेक्षा मोठा झालाच पाहिजे. माझं डोकं ५८, गळा ताणून ६४ होतो.

खांद्यावर आतून सुती पट्टी या खांद्यापासून मानेमागून त्या खांद्यापर्यंत लावून घेतली. पट्टी, दोरा आणि सुया यांचे २४० झाले.

कालपासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी ५ टक्के झाला आहे. आधी हजाराच्या वर गेलं की १२ टक्के लागायचा. हजार ते अडीच हजारांत तयार माल घेणाऱ्यांना याचा फायदा आहे. कापड-शिलाईच्या माझ्या हिशोबात त्याने फरक पडत नाही.

८ ऑक्टोबर

दुसरा नमुना तीन वेळा धुऊन मोजला. उंची ६७.५ ची ६७ झाली, छाती ५३ ची ५३. बाजूची शिलाई अर्धा सेंटीमीटर सरकली, तेवढं सोडून दिलं. गळा जसाच्या तसा. मी तो घालून दिवसभर हिंडलो आणि एकदाही कड खाली ओढावी लागली नाही. हाच पॅटर्न कायम केला आणि सात शिवायला दिले, दीडशे रुपये शिलाई, एकूण १,०५०.

ताईंच्या कामाबद्दल एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. कापताना त्या कापडाचे थर रचून लगेच कात्री लावत नाहीत. थर रचून चहाला जातात, परत येऊन कडा पुन्हा जुळवतात. रचताना ताणलं गेलेलं कापड तेवढ्यात सैल होतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, गणवेशांच्या बाह्या लहानमोठ्या यायला लागल्यावर त्यांनी स्वतः शोधून काढलं.

१ नोव्हेंबर

दिवाळीमुळे काम पुढे गेलं, आज सातही हातात आले. घरी प्रत्येक मोजला. सगळ्यात जास्त फरक सहा मिलिमीटरचा.

आता कॉलरचे. हा भाग फसला. पहिल्याच्या बटणपट्टीत आतून चिकट अस्तर लावलं होतं. एका धुण्यात पट्टीवर फुगे आले. इस्त्रीची उष्णता कमी पडल्यामुळे अस्तर अर्धवट चिकटलं होतं, आणि पिके आटलं तसं अस्तर आटलं नाही. उसवून परत लावायचा प्रयत्न केला, पण पिकेवर उसवल्याच्या खुणा राहतात. तो वाया. दुसऱ्यात चिकट अस्तर काढून टाकलं आणि धुतलेल्या कापडाचाच दुहेरी थर दिला. पट्टी जरा मऊ पडते, पण सपाट राहते आणि मला ती जास्त आवडली. कॉलर तयार विणलेली घेतली होती. तिची टोकं तिसऱ्या धुण्यात किंचित वळली, ओली असताना हाताने सपाट केली की राहतात. शिलाई दोन्हीची ७००.

१४ डिसेंबर

थंडी. स्वेटर शिवून घेण्याच्या भानगडीत पडलो नाही, तयार घेतला, त्याचे पैसे या हिशोबात नाहीत. फक्त एक खूण लिहून ठेवतो. मुंढ्याच्या शिलाईजवळ तिरक्या ओळीत टाके घटवल्याच्या खुणा दिसल्या तर स्वेटरचा प्रत्येक भाग मापात विणून मग जोडलेला आहे. त्या नसतील आणि आत ओव्हरलॉक असेल तर विणलेलं कापड कात्रीने कापून शिवलेलं आहे. पहिल्या प्रकारची शिलाई बारीक असते आणि खांद्यावर जाड वळ येत नाही. मावशीने दुकानात दोन सेकंदांत ओळखलं. लोकरीचा असेल तर काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूला पहिल्या महिन्यात गोळे येतातच. ते ओढू नका, छोट्या कात्रीने कापा.

११ जानेवारी २०२६

हिशोब. कापड २,५७०. पॅटर्न, नमुने आणि शिलाई मिळून २,८५०. पट्टी-दोरा २४०. तिरुप्पूर ३,१००. चाचणीचे टी-शर्ट ३,६९६. पँट कापडासह २,३९२. एकूण १४,८४८, ठरवल्यापेक्षा २,८४८ जास्त. नुसता एक टी-शर्ट धरला तर कापड १३०, रिब २०, शिलाई १५०, पट्टी-दोरा २०, म्हणजे ३२० रुपये. कापडाची पारख झालेली असेल आणि पॅटर्न तयार असेल तर पुढच्या प्रत्येकाला एवढाच खर्च.

ऑक्टोबरपासून नेमाने वापरात असलेला दुसरा नमुना आज पुन्हा मोजला: उंची ६६.८, छाती ५३. पांढरा असल्यामुळे काखेत पिवळट छटा दिसायला लागली आहे, ती धुण्याआधी अर्धा तास सोड्याच्या पाण्यात ठेवून जाते का हे पाहतो आहे. राखाडी मेलांजवर पाठीकडे, बॅग घासते तिथे, लव उठली आहे. पुढच्या वेळी राखाडी बायो-वॉश केलेलं घेणार. त्यात एन्झाइमने वरची लव काढलेली असते. निळ्याला काही झालेलं नाही.

उरलेल्या कापडात धाकट्या भावाचे होतील. तो माझ्यापेक्षा चार इंच उंच आणि छातीला बारीक. ताईंनी त्याच खाकी कागदावर लाल पेनाने उंची ७२, छाती ५०, खांदा ४३ अशा रेघा मारल्यात. मुंढा मात्र त्याच्यासाठी नव्याने काढावा लागणार, त्याचा नमुना पुढच्या आठवड्यात.